काठ शाबूत, तर कुडी शाबूत

मराठी भाषेला भोकांची उणीव कधीच नव्हती. सुईला असते ते नेढे, सदऱ्याला असते ते काज, उंदराने पाडले तर बीळ, पुराने पाडले तर भगदाड, शत्रूने तटाला पाडले तर खिंडार, आणि वाड्याच्या धन्याने हौसेने ठेवले तर तोच झरोका! भोक कोणी पाडले, कशात पाडले, ते बुजवायचे की जपायचे, हे सारे आमचे वाडवडील एका शब्दात सांगून मोकळे होत. पण हृदयाचा विषय निघाला, की ही श्रीमंती कोठे लोप पावते कोण जाणे. "मुलाच्या हृदयाला भोक आहे," हे एकच वाक्य शहरातल्या दिवाणखान्यात आणि खेड्यातल्या ओसरीवर सारख्याच दबक्या आवाजात बोलले जाते. ऐकणाराही "अरेरे!" म्हणून गप्प बसतो. कोणते भोक, कोठले भोक, हे कोणी विचारीत नाही; आणि नेमके तेच विचारावयाचे असते.

हे मला सुचण्याचे कारण माझा एक जुना विद्यार्थी. तो पिंपळगाव रेणुकाईचा. जालना जिल्ह्यातील भोकरदन तालुक्याचे हे गाव. देवीच्या नावाने ओळखले जाणारे आणि हंगामात हिरव्या मिरचीच्या बाजाराने गजबजणारे. त्याच्या सात वर्षांच्या मुलीच्या छातीत काहीतरी वेगळा आवाज येतो, असे शाळेत तपासणीस आलेल्या डॉक्टरांना आढळले. पुढे मोठ्या शहरात तपासणी झाली, आणि हृदयाच्या पडद्याला भोक असल्याचे निघाले. इथवर सारे ठीक. पण नंतर तो माझ्याकडे आला तो तावातावाने.

"सर, आमच्याच गल्लीतल्या एका पोराचं भोक मांडीतून नळी घालून बुजवलं. तिसऱ्या दिवशी पोरगं घरी. टाका नाही, काही नाही. आणि माझ्या पोरीची म्हणे छाती उघडायची! भोक तर दोन-तीन मिलिमीटरांनीच मोठं आहे. आम्ही खेड्यातले म्हणून हे आम्हाला बनवतात का?"

सोबत त्याची आई होती. त्या माउलीचा प्रश्न निराळाच होता. "गुरुजी, पोरीची जात आहे. छातीवर एवढा मोठा वण घेऊन उद्या हिचं लग्न कसं व्हायचं? त्यापेक्षा राहू द्या की असंच. खेळतीय, बागडतीय."

मी पडलो मराठीचा अध्यापक. मला यमकाचा दोष कळतो, हृदयाचा कळत नाही. परंतु माझ्या परिचयाचे एक हृदयतज्ज्ञ आहेत. त्यांच्याकडे या मायलेकांना घेऊन गेलो. त्यांनी कागद पुढे ओढला, पेन्सिलीने चार कप्पे काढले, आणि जे सांगितले ते ऐकून माझेच डोळे उघडले. पुढे मी त्या विषयाचे थोडे वाचनही केले. त्याचे सार आज वाचकांपुढे ठेवतो. कारण जन्माला येणाऱ्या दर हजार मुलांमागे सुमारे आठ-नऊ मुलांच्या हृदयाच्या घडणीत काही ना काही उणे असते, आणि त्यांत पडद्याच्या भोकांचा वाटा मोठा आहे. हा प्रश्न कोणाच्या दारी उभा राहील याचा नेम नाही.

हृदय म्हणजे आपल्याच मुठीएवढे चौखणी घर. वर दोन खोल्या, खाली दोन. उजवीकडच्या खोल्यांत शरीरभर फिरून आलेले अशुद्ध रक्त, डावीकडे फुप्फुसांतून शुद्ध होऊन आलेले. मध्ये पडदा. हा पडदा वरच्या खोल्यांत पातळ, खालच्या खोल्यांत जाड मांसल असतो. या पडद्याला भोक असले, म्हणजे डावीकडचा दाब अधिक असल्यामुळे शुद्ध झालेले रक्त पुन्हा उजवीकडे येते आणि पुन्हा फुप्फुसांत जाते. दळलेले पीठ पुन्हा जात्यात घालावे, तसा हा प्रकार! जाते विनाकारण शिणते. हृदयाचे कप्पे फुगतात, फुप्फुसांवर बोजा पडतो.

आता गंमत पाहा. वरच्या पडद्यातले भोक हा काही निसर्गाचा अपराध नव्हे. आईच्या पोटात बाळाची फुप्फुसे काम करीत नसतात. त्याला प्राणवायू मिळतो तो वारेतून. ते रक्त फुप्फुसांचा फेरा टाळून थेट डाव्या बाजूला पोहोचावे म्हणून निसर्ग वरच्या पडद्यात एक झरोकाच ठेवतो, आणि त्यावर एक पातळ झापही बसवितो. मूल जन्मते, पहिला टाहो फोडते, फुप्फुसे हवेने भरतात, डावीकडचा दाब वाढतो, आणि ती झाप झरोक्यावर घट्ट दाबली जाते. पुढे बहुतेकांत ती चिकटून जाते. सुमारे चौघांतल्या एका धडधाकट माणसात ती आयुष्यभर पुरती चिकटत नाही, आणि त्याला त्याचा पत्ताही नसतो. मात्र झापच आखूड पडली किंवा तिला चाळणीसारखी छिद्रे राहिली, म्हणजे ते खरे भोक. वरच्या पडद्याच्या भोकांपैकी सुमारे तीनचतुर्थांश याच जातीची असतात. ती पडद्याच्या मध्यभागी असतात.

उरलेल्यांच्या जागा वेगळ्या. एक जात पडद्याच्या अगदी तळाशी, झडपांना लागून. तिच्यासोबत बहुधा झडपेलाही चीर असते. दुसरी जात वर, मागच्या बाजूला, जेथे शरीराच्या वरच्या भागातून येणारी मोठी शीर हृदयात उघडते तेथे. तिच्या शेजारी फुप्फुसाची एखादी शीर वाट चुकून उजवीकडे उघडलेली असते. आणखी एक दुर्मीळ जात आहे, हृदयाच्या स्वतःच्या शिरेच्या मार्गातली. आपण मात्र या साऱ्यांना एकच नाव देऊन बसलो आहोत: भोक!

बरे, मांडीतून नळी घालून भोक बुजवितात म्हणजे करतात तरी काय? जांघेतल्या शिरेतून एक बारीक नळी वर हृदयापर्यंत नेतात. तिच्यातून नायटिनॉल नावाच्या, म्हणजे निकेल आणि टायटॅनियम यांच्या मिश्रधातूच्या, तारांचे विणलेले एक साधन सरकवितात. या धातूचा गुण असा, की ताणून सरळ केला तरी सुटताच तो आपला मूळ आकार पुन्हा धारण करतो. नळीच्या तोंडातून ते साधन बाहेर आले, की पडद्याच्या पलीकडे एक तबकडी उमलते, अलीकडे दुसरी, आणि मधली जाड कंबर भोकात घट्ट बसते. पुढच्या काही महिन्यांत त्यावर शरीराचे स्वतःचे अस्तर चढते आणि ते पडद्याचाच भाग होऊन जाते.

हे ऐकताच आजीबाई म्हणाल्या, "म्हणजे कानातल्या कुडीसारखं की! पुढून कुडी, मागून फिरकी."

डॉक्टरांनी पेन्सिल खाली ठेवली. "आजी, मी इतकी वर्षे हे लोकांना समजावतो आहे, पण इतकी नेमकी उपमा मला सुचली नव्हती. आता मला सांगा, कुडी कशाच्या आधाराने राहते?"

"पाळीच्या. आन् पाळीचं भोक ओघळत ओघळत खालपर्यंत फाटलं, तर कुठली राहतीय? गळूनच पडायची."

वाचकहो, साऱ्या विषयाची किल्ली या एका वाक्यात आहे. कुडी भोकात राहते असे आपण म्हणतो, पण ती टिकते काठावर. हृदयातल्या भोकाचेही तसेच. त्याच्या सभोवती पडद्याचा काठ असावा लागतो, आणि तो साधारणपणे पाच मिलिमीटर तरी असावा, असा डॉक्टरांचा ढोबळ हिशेब आहे. हा काठ ते पाच-सहा दिशांनी मोजतात: महारोहिणीच्या बाजूला, वरच्या मोठ्या शिरेकडे, खालच्या मोठ्या शिरेकडे, झडपांकडे, आणि पाठीमागे. जसा गाव चहूबाजूंनी शिवेवरून ओळखावा, तसे भोक त्याच्या काठांवरून ओळखावे.

आणि प्रत्येक काठाची किंमतही सारखी नाही. महारोहिणीकडचा काठ पुष्कळांत तोकडा असतो. तरी नीट विचार करून, योग्य मापाचे साधन निवडून, अशी भोके बंद करतात. पण तेथे साधन वाजवीपेक्षा मोठे बसविले, तर ते हृदयाच्या ठोक्यागणिक महारोहिणीच्या भिंतीवर घासत राहते, आणि क्वचित, हजारात एक ते तीन रुग्णांत, ती भिंत झिजून गंभीर प्रसंग ओढवतो. खालच्या मोठ्या शिरेकडचा काठ मात्र नसला, तर साधनाला पाय टेकायलाच जागा नाही. ते सुटून रक्ताबरोबर भलतीकडे वाहत जाऊ शकते. तळाच्या भोकाला एका अंगाने झडपच चिकटलेली. तेथे तबकडी उघडली तर झडप मिटणार कशी? आणि वरच्या शिरेजवळच्या भोकात नुसते भोक बुजवून भागत नाही. वाट चुकलेली फुप्फुसाची शीरही योग्य दारी आणून सोडावी लागते. अलीकडे काही निवडक रुग्णांत हेही काम नळीतून आच्छादित जाळी बसवून करतात. पण सर्वसामान्यपणे ते शल्यविशारदाचेच काम.

शिवाय मूल केवढे, हाही प्रश्न आहे. या साधनाच्या डाव्या तबकडीचा व्यास कमरेपेक्षा सुमारे बारा ते सोळा मिलिमीटरांनी मोठा असतो. भोक वीस मिलिमीटरांचे असले, तर पलीकडे साडेतीन सेंटीमीटरांच्या आसपासची तबकडी उमलणार. ती मावायला चिमुकल्या हृदयात तेवढी भिंत हवी ना? दहा खणांच्या वाड्याचा दरवाजा झोपडीला बसवू म्हटले तर कसा बसावा?

आता माझ्या विद्यार्थ्याचा प्रश्न आपोआप सुटला. शेजारच्या मुलाच्या भोकाला चहूबाजूंनी काठ होता. या मुलीच्या भोकाला खालचा काठ जवळजवळ नव्हताच. भोकात फरक दोन-तीन मिलिमीटरांचा, काठात फरक सर्वस्वाचा. डॉक्टरांनी तिला बनविले नव्हते. त्यांनी तिचे नीट पाहिले होते.

नळीचा उपचार नवा आणि छाती उघडणे जुने, म्हणून नवे ते चांगले, असाही एक समज असतो. इतिहास पाहिला तर दोन्ही वाटा एकाच भोकापाशी येऊन मिळतात. 6 मे 1953 रोजी अमेरिकेत फिलाडेल्फिया येथे डॉ. जॉन गिबन यांनी हृदय-फुप्फुस यंत्राच्या साहाय्याने जगातील पहिली यशस्वी शस्त्रक्रिया केली. अठरा वर्षांच्या एका तरुणीचे हृदय 26 मिनिटे यंत्राच्या स्वाधीन ठेवून त्यांनी जे मिटविले, ते वरच्या पडद्यातले भोकच होते. त्यानंतर 1975 साली न्यू ऑर्लिन्स येथे टेरी किंग आणि नोएल मिल्स यांनी छाती न उघडता, नळीतून असेच भोक बंद करून दाखविले. पण त्यांचे साधन बोजड होते. कुर्ट अँप्लाट्झ यांचे दोन तबकड्यांचे नायटिनॉलचे साधन 1995 साली माणसांत वापरले गेले, आणि मग हा उपचार जगभर रूढ झाला.

या कामात आपल्या मुंबईचाही हातभार आहे. मोठ्या भोकात आणि तोकड्या काठांत एक अडचण वारंवार येई: डावी तबकडी उघडली की ती पडद्याला टेकण्याऐवजी भोकातून सुळकन उजवीकडे घसरे. मुंबईचे डॉ. भरत दळवी व त्यांचे सहकारी यांनी 2005 साली एक युक्ती प्रसिद्ध केली. साधन उघडताना शेजारी एक फुगा फुगवून त्याचा डाव्या तबकडीला टेका द्यावयाचा, म्हणजे ती घसरत नाही. साधन जागेवर बसले की फुगा हळूहळू रिकामा करावयाचा. कमान बांधताना गवंडी खालून लाकडी आधार देतो आणि कमान पक्की झाली की काढून घेतो, तसेच हे. या युक्तीने पूर्वी नाकारली गेलेली कित्येक भोके नळीच्या वाटेने बंद होऊ लागली. पण तीही मर्यादा ओलांडीत नाही. टेका देऊन घसरण थांबेल. नसलेला काठ कोठून आणणार?

खालच्या पडद्याच्या भोकांची कथा आणखी निराळी. तेथे काठापेक्षा शेजार महत्त्वाचा! केवळ मांसल भागात असलेली लहान भोके पुष्कळदा मुलाच्या वाढीबरोबर आपण होऊन मिटतात. न मिटली आणि मोठी असली, तर साधनालाही ती सोयीची असतात. पण पडद्याच्या वरच्या, पातळ भागातल्या भोकाशेजारून हृदयाच्या ठोक्यांचा हुकूम वाहून नेणाऱ्या तंतूंची जुडी जाते. साधनाचा दाब तिच्यावर पडला, तर वरून सुटलेला हुकूम खाली पोहोचतच नाही, आणि प्रसंगी कायमचे कृत्रिम गतियंत्र बसविण्याची पाळी येते. म्हणून या जागेसाठी मऊ साधने निघाली. त्यांतल्या एकाला 'कोनार' हे नाव मिळाले ते हैदराबादच्या डॉ. नागेश्वर राव कोनेटी यांच्यावरून. मराठवाडा 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात होता. हैदराबादची वाट आमच्या आजोबांना कोर्टकचेऱ्यांसाठी ठाऊक होती. आता ती अशा कामासाठी ठाऊक व्हावी, हा बदल मला तरी बरा वाटतो.

याच पडद्यात झडपांच्या अगदी खाली असणारी एक जात आहे. आशियाई लोकांत ती तुलनेने अधिक आढळते. तीत महारोहिणीच्या झडपेचे एक पान हळूहळू भोकात ओघळते आणि ते अर्धवट बुजविते. आईबापांना कळते ते एवढेच, की भोक लहान झाले. घरात पेढे वाटले जातात! प्रत्यक्षात झडप आपली जागा सोडीत असते आणि गळू लागलेली असते. येथे बहुधा शस्त्रक्रियाच, आणि तीही वेळेवर, हिताची ठरते.

आता आजीबाईंचा प्रश्न उरला. "राहू द्या की असंच." मला वाटते, आपल्याकडे सर्वांत अधिक नुकसान या चार शब्दांनी होते. वरच्या पडद्याचे भोक असलेले मूल पुष्कळदा खेळते, बागडते. तक्रार करीत नाही. मग वर्षे जातात. मुलगी असेल तर तिचे लग्न होते, ती गर्भार राहते, आणि मग धाप लागू लागते. तिशी-चाळिशीत ठोक्यांची लय बिघडते, पाय सुजतात. खालच्या पडद्याचे मोठे भोक तर इतकी सवडही देत नाही. काही वर्षांतच फुप्फुसांच्या शिरा जाड आणि ताठर होऊ शकतात. तो दाब एका हद्दीपलीकडे गेला, म्हणजे प्रवाह उलटा फिरतो, ओठ-नखे निळी पडतात. मग भोक बंद करणेच घातक. कारण तेव्हा ते हृदयाला उसासा टाकण्याची जागा झालेले असते. म्हणजे आधी जे सहज करता येत होते, ते नंतर कोणत्याच वाटेने करता येत नाही.

आणि व्रणाचे म्हणाल, तर काही ठिकाणी निवडक रुग्णांत शल्यविशारद मधोमध छेद न घेता काखेखालून किंवा बाजूने घेतात; वण सहसा दिसत नाही. पण डॉक्टरांनी आजींना दिलेले उत्तर मला अधिक पटले. ते म्हणाले, "आजी, वण लपवता येतो. धाप लपवता येत नाही."

माउली काही वेळ गप्प राहिली. मग मुलाकडे वळून म्हणाली, "दसऱ्याआधी करून घे." तसे झाले. मुलीच्याच हृदयावरच्या आवरणाचा एक तुकडा घेऊन त्याचे ठिगळ त्या भोकाला लावले. ठिगळाला काठ लागत नाही. टाका घालणारा हात स्वतःच काठ शोधतो. मुलगी आता चौथीत आहे, आणि पाढे म्हणताना पूर्वीसारखी मध्येच थांबत नाही, असे तिचा बाप सांगतो.

पैशांच्या चिंतेने पुष्कळ लोक पहिल्याच पायरीवर थबकतात, म्हणून दोन गोष्टी सांगून ठेवतो. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ 6 फेब्रुवारी 2013 रोजी आपल्याच पालघर येथे झाला. त्यातील पथके वर्षातून दोनदा अंगणवाडीत आणि एकदा सरकारी शाळांत मुलांची तपासणी करतात, आणि दोष आढळल्यास पुढील उपचारांसाठी पाठवितात. तसेच 2012 साली राजीव गांधी जीवनदायी या नावाने सुरू झालेली आणि 2017 पासून महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने चालणारी राज्याची जनआरोग्य योजनाही आहे. हृदयाचे अनेक उपचार तीत येतात. अंगीकृत रुग्णालयातील आरोग्यमित्राला भेटून आपला उपचार त्यात बसतो का, हे आधी विचारावे. शहरातल्या वाचकांनी आपल्या घरी कामाला येणाऱ्या बाईंना एवढे सांगितले, तरी दिवाळीच्या ओवाळणीहून ती मोठी ओवाळणी होईल.

आणि कधी कोणाच्या घरी हा प्रश्न आलाच, तर "भोक केवढे?" एवढे विचारून परत येऊ नये. भोक कोणत्या पडद्यात आहे? पडद्याच्या कोणत्या भागात आहे? काठ किती आणि कोणत्या बाजूला तोकडा आहे? शेजारी झडप, शिरा, तंतू कसे आहेत? फुप्फुसांचा दाब किती? थांबले तर चालेल का, आणि किती दिवस? हे सहा प्रश्न कागदावर लिहून न्यावेत. ध्वनिलहरींची तपासणी करणाऱ्या डॉक्टरांजवळ यांची उत्तरे असतात, आणि विचारणाऱ्याला ते आनंदाने देतात, असा माझा अनुभव आहे. शेजारच्या मुलाचे काय झाले, हे शेजाऱ्याला विचारावे. आपल्या मुलाचे काय करावे, हे त्याच्या स्वतःच्या हृदयाला विचारावे.

मराठीत कुडी म्हणजे कानातला दागिना, आणि कुडी म्हणजे हा देहही. दोन्हींचा भरवसा काठावर असतो, हे पिंपळगावच्या आजीबाईंना न शिकता ठाऊक होते. आपण शिकलेल्यांनी ते ध्यानात ठेवावे, एवढेच या दिवाळीला मागणे.